धबधबा कोणासाठी?

आमच्या बैठकीच्या खोलीत, जिथे बाकीच्यांकडे टीव्ही असतो तिथे, काचेची एक पेटी आहे. 90 सेंटिमीटर लांब, 45 रुंद, 60 उंच. तिच्यात दोन निळे बेडूक राहतात. दीड वर्षापूर्वी तीन होते. तिसरा माझ्यामुळे मेला असं मी मानतो. माझी मुलगी तसं मानत नाही, निदान तोंडावर तरी म्हणत नाही. तो ज्या पाण्यात मेला ते पाणी मी हौसेने आणलं होतं. त्या हौसेबद्दल, आणि सर्वस्वी आपल्या हातात असलेल्या जिवासाठी 'काहीतरी छान' करताना आपलं नेमकं काय चाललेलं असतं, त्याबद्दल हा लेख आहे.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनजवळ राहतो. या बेडकांचा आणि या देशाचा संबंध जुना आहे. सुरिनाम 1975पर्यंत डचांची वसाहत होती. त्या सुरिनामच्या दक्षिणेला, ब्राझीलच्या सीमेजवळ, सिपालिविनी नावाचा गवताळ प्रदेश आहे. गवतात बेटांसारखे विखुरलेले जंगलाचे तुकडे आहेत आणि त्या तुकड्यांत हे बेडूक राहतात. मारिनुस हूगमूड या डच प्राणिशास्त्रज्ञाने 1969 साली त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं आणि रंगावरून 'अझुरियस' असं नाव दिलं. आता ते डेंड्रोबेटस टिंक्टोरियस या मोठ्या जातीचाच एक रंगप्रकार मानले जातात. आकार जेमतेम चार सेंटिमीटर. या कुळाला इंग्रजीत विषारी बाणांचे बेडूक म्हणतात, कारण कोलंबियातले एंबेरा लोक याच कुळातल्या सोनेरी बेडकाचं विष फुंकनळीच्या बाणांना लावत. जंगलात हे विष त्यांच्या अंगात मुंग्या आणि कोळीकिडे खाऊन येतं. पेटीत जन्मलेल्या, फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकाच्या अंगात ते नसतं. काचेच्या आत आल्यावर प्राणी तोच राहत नाही, याची ही पहिली खूण. ती मी तेव्हा फक्त 'चला, मुलीला धोका नाही' एवढ्या अर्थाने वाचली.

ते आम्हाला सत्तरीतल्या एका डच आजोबांकडून मिळाले. त्यांच्या माळ्यावर तीसेक पेट्या होत्या. मला वाटलं होतं, छोटी छोटी जंगलं बघायला मिळतील. प्रत्यक्षात होता तो पाचोळा. पाचोळ्याने भरलेल्या पेट्या, त्यात एखाद-दोन झाडं आणि उपडी ठेवलेली नारळाची करवंटी. मी मुलीला मराठीत म्हटलं, "यांनी जरा सजवायला हवं होतं गं." आजोबांना भाषा कळली नाही, सूर कळला असावा. त्यांनी हसत हसत तिला डचमध्ये सांगितलं, "पाहुण्यांना माझ्याकडे कंटाळा येतो. बेडकांना येत नाही."

पहिली पेटी तिने त्यांच्याच पद्धतीने लावली. तळाला भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या, त्यावर जाळी, जाळीवर माती, कोळसा आणि झाडाच्या सालीचं मिश्रण, आणि सगळ्यात वर ओकची वाळलेली पानं. जास्तीचं पाणी जाळीतून खाली उतरतं आणि गोळ्यांमध्ये साचतं, त्यामुळे वर दमटपणा राहतो पण चिखल होत नाही. पानांत स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड असे बारीक जीव सोडलेले असतात. ते बुरशी आणि विष्ठा खाऊन साफसफाई करतात. खाणं म्हणजे फळमाश्या, कॅल्शियमच्या पुडीत घोळवलेल्या. आणि दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालची आणि मांड्यांची कातडी ओल्या पानाला टेकवून बसतो आणि तिथून पाणी आत ओढून घेतो. ओलं पान हाच त्याचा पेला.

हे सगळं मला मुलीनेच समजावून सांगितलं होतं. तरीही नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मी म्हटलं, "यात एक धबधबा करू या."

मी सावंतवाडीचा. आंबोली घाट आमच्यापासून तीसेक किलोमीटर. लहानपणी जुलैत तिथे गेलं की रस्त्याच्या कडेला पाण्याचा आवाज इतका असायचा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. नेदरलँड्समध्येही पाऊस पडतो, पुष्कळ पडतो, पण तो पडतोय असं वाटत नाही. या देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. इथलं पाणी कालव्यात, पंपात, बांधात नीट बसवलेलं असतं. ते कोसळत नाही. त्यामुळे पेटीत एक छोटीशी कोसळणारी धार असावी, रात्री दिवे मालवल्यावर तिचा आवाज यावा, असं मला फार वाटत होतं. हौशी लोकांच्या भाषेत याला 'वॉटर फीचर' म्हणतात. त्यात धबधबा आला, ओहोळ आला, डबकंही आलं.

"बाबा, पण त्यांना नीट पोहता येत नाही," मुलगी म्हणाली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

"अगं, जंगलात ओढ्याच्या काठीच तर राहतात. वाचलंय मी."

"काठी राहतात. ओढ्यात नाही."

"काठ असायला ओढा लागतो ना?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, "धबधबा त्यांना हवाय की तुला?"

मी म्हटलं, "सगळ्यांनाच आवडेल."

या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. घराघरांत ते बोललं जातं, आणि ज्याच्या हातात निर्णय असतो तोच ते बोलतो.

*

मी बेफिकीरपणे काम केलं नाही, हे इथे नोंदवायला हवं. उजव्या बाजूला 40 बाय 20 सेंटिमीटरचं डबकं केलं, सगळ्यात खोल जागी सहा सेंटिमीटर. पाटीच्या दगडाचे तुकडे एकावर एक रचून धार केली, मागे छोटा पंप लपवला, पंपाच्या तोंडाला स्पंज लावला म्हणजे कोणाचा पाय आत ओढला जाऊ नये. बाहेर यायला गोट्यांचा उतार केला. इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे तीही चिंता नव्हती. तीन शनिवार-रविवार गेले. धार सुरू झाली तेव्हा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. "वा! आंबोली!" असं काकाने लिहिलं. मला भरून आलं.

पुढच्या दोन महिन्यांत जे घडलं ते त्या व्हिडिओत दिसणारं नव्हतं. दगडांवर लावलेल्या शेवाळाने वातीसारखं पाणी ओढून बाजूच्या मातीत नेलं. उजवीकडची माती रपरपीत झाली आणि पानं भराभर कुजली. फळमाश्या डबक्यात पडून मरू लागल्या, म्हणजे बेडकांच्या तोंडी कमी जाऊ लागल्या. आणि तिघेही बेडूक डाव्या बाजूला राहू लागले. मला वाटलं, त्यांना डावी बाजू आवडते. मुलीच्या वहीत रोजची नोंद होती, कोण कुठे बसलं, कोणी किती खाल्लं. ती वही मी वाचली नाही. मी धबधबा बघत होतो.

हिशोब साधा होता. पेटीचा तळ 4050 चौरस सेंटिमीटर. डबक्याने त्यातले 800 घेतले, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. ओल्या मातीने आणखी घेतला. या जातीतले नर आणि माद्या लहानपणी ओळखू येत नाहीत, वर्ष-दीड वर्षाने कळतात. आमच्या तिघांत दोन माद्या निघाल्या, आणि या जातीच्या माद्या एकमेकींशी झोंबतात, एक दुसरीला दाबून धरते. दूर पळायला जागा असली तर गोष्ट तिथेच मिटते. आमच्याकडे जागा मी कमी केली होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी धाकटी मादी दगड आणि काच यांच्यामधल्या फटीत, चार बोटं पाण्यात, मेलेली सापडली. उतार दुसऱ्या बाजूला होता.

ती बुडूनच मेली का? की आधीच खंगली होती आणि शेवटी तिथे जाऊन पडली? दोन माद्या एकत्र ठेवणं हीही चूकच होती, आणि ती धबधब्याची नव्हती. मुलगी हेच मला समजावत होती. पण ज्याने पाणी आणलं त्याने 'नक्की कारण सांगता येत नाही' या वाक्याच्या आड बसणं मला बरं वाटेना. संशयाचा फायदा आरोपीला देतात हे खरं, पण इथे साक्षीदारही मीच होतो आणि न्यायाधीशही.

*

आता मुद्द्यावर येतो. माझी चूक नेमकी कोणती?

पहिलं उत्तर असं की मला माहिती कमी होती. ते खोटं आहे. माहिती घरातच होती, माझ्याच मुलीकडे. दुसरं उत्तर, मी 'निसर्गासारखं' करायला गेलो आणि ते जमलं नाही. यात थोडं तथ्य आहे. बेडूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणीच येतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खं सूक्त आहे. पहिल्या पावसात ओरडणारे बेडूक आणि मंत्र म्हणणारे ब्राह्मण यांची त्यात तुलना आहे. तेव्हापासून आपल्याकडे बेडूक म्हणजे पाऊस. पण सुरिनामचा हा बेडूक अंडी जमिनीवर घालतो, पानाखाली. त्यातून डिंभ बाहेर आले की नर त्यांना पाठीवर घेतो आणि झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात नेऊन सोडतो. त्याच्या संसाराला लागणारं पाणी वाटीभर असतं, कधी त्याहून कमी.

शिवाय, जंगलातला ओढा आणि पेटीतला ओढा यांत एक फरक असा आहे की तो कितीही चांगला पंप आणून भरून काढता येत नाही. जंगलातल्या ओढ्यापासून निघून जाता येतं. निसर्गाची नक्कल करताना आपण दगड आणतो, शेवाळ आणतो, धुकंसुद्धा आणतो. निघून जाण्याची सोय तेवढी आणत नाही, कारण ती आणली तर पेटी उरत नाही.

1965 साली ब्रिटनमध्ये ब्रँबेल समितीने शेतीतल्या प्राण्यांच्या हालांवर अहवाल दिला. त्यातून पुढे 1979 साली 'पाच स्वातंत्र्यं' मांडली गेली: भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना-इजा-आजारापासून, भीती आणि ताणापासून मुक्ती, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. माझ्या धबधब्याला ही फूटपट्टी लावली तर तो एकाही स्वातंत्र्यात भर घालत नाही. तहान ओल्या पानाने भागत होती. मी दिलेली गोष्ट मागणीच्या यादीत कुठेच नव्हती.

मग बेडकाला तो धबधबा कसा दिसत असेल? 1959 साली लेटविन, मातुराना, मॅक्युलक आणि पिट्स या चौघांनी बेडकाचा डोळा मेंदूला काय कळवतो यावर एक प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. त्यांनी अभ्यासलेली जात अमेरिकन होती, तिला लेपर्ड फ्रॉग म्हणतात. त्यांना आढळलं की डोळ्यातल्या काही तंतूंना फक्त लहान, गडद, हलणाऱ्या ठिपक्याशी कर्तव्य असतं. समोर माश्यांचा ढीग असला आणि त्यातली एकही हलत नसली, तर बेडूक उपाशी राहील. आपण ज्याला देखावा म्हणतो तो माणसाच्या डोळ्याचा व्यवहार आहे. कोसळणाऱ्या पाण्याकडे पाहून गहिवरायला सावंतवाडीचं बालपण लागतं.

'कूपमंडूक' हा शब्द आपण दुसऱ्यांना हिणवायला वापरतो: बिचारा विहिरीतला बेडूक, त्याला विहीर हेच जग वाटतं. या गोष्टीत बेडकावर जरा अन्याय आहे. त्याला विहिरीबाहेरचं जग माहीत नाही हे खरं, पण विहीर त्याला माहीत असते. काठावर उभा राहून आत वाकून पाहणारा, आणि 'याला इथे काय हवं' हे स्वतःच्या आठवणींवरून ठरवणारा माणूसही आपल्या विहिरीतच उभा असतो.

*

इथे कोणी म्हणेल, चार सेंटिमीटरच्या बेडकासाठी एवढं? त्यातून तुमच्यासारख्याने, ज्याने बारावीत क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी टाचला आणि त्याच्या हृदयाची आकृती जर्नलात काढून पैकीच्या पैकी मार्क घेतले?

आक्षेप बरोबर आहे, आणि त्यातूनच मला उत्तर मिळालं. त्या ट्रेमधल्या बेडकाबद्दल मी कधीच म्हणालो नव्हतो की हे तुझ्यासाठी चाललंय. तिथे वापर होता आणि त्याला वापरच म्हटलं जात होतं. म्हणूनच त्यावर वाद घालता आला. कालांतराने कॉलेजांतून ती विच्छेदनं बंदही होत गेली. ज्या वापराला वापर म्हटलं जातं, तो कधीतरी थांबवता येतो. पण ज्याला आपण माया म्हणतो, तो थांबवायचा कोणी?

माझ्या आईचं उदाहरण देतो. तीन वर्षांपूर्वी ती घरात पडली. सावंतवाडीत ती एकटीच असते. आम्ही दोघा भावांनी ताबडतोब दोन कॅमेरे बसवले, एक पडवीत, एक स्वयंपाकघरात. मोबाइलवर केव्हाही दिसेल अशी सोय. महिनाभराने स्वयंपाकघरातलं चित्र काळं झालं. तिने कॅमेऱ्यावर पंचा टाकला होता. फोन केला तर म्हणाली, "ह्यां कोणासाठी रे? माका की तुमका?"

मी ठरलेलं उत्तर दिलं, "तुझ्यासाठीच ना गं."

तिला काय हवं होतं हे नंतर तिथे गेल्यावर कळलं. न्हाणीघरात धरायला एक दांडी, आणि मागच्या दारी एक पायरी कमी उंचीची. गवंड्याचं दीड दिवसाचं काम. आम्ही ते केलं नव्हतं, कारण ते आइंडहोवनमधून दिसणारं नव्हतं. कॅमेऱ्यातून ती आम्हाला दिसत होती, आणि तेच आम्हाला हवं होतं. आम्ही दांडी बसवली, पायरी केली, स्वयंपाकघरातला कॅमेरा काढला. पडवीतला मात्र काढवेना. शेवटी मी तिला खरं सांगितलं: "आई, हा आमच्यासाठी आहे. रात्री झोप लागत नाही आम्हाला." ती म्हणाली, "मगे रवांदे."

मग राहू दे. हौस माझी आहे असं कबूल केलं आणि तिने ती मला दिली. तोच कॅमेरा, तीच पडवी, पण आता तो तिच्या परवानगीने तिथे आहे. माणसामाणसांत हे होऊ शकतं. मुलीला मी लहानपणी दर रविवारी मराठी शाळेत ओढत नेलं, 'तुझ्याचसाठी' म्हणत. आज ती मोठी झाल्यावर मला सांगता येतं की त्यात अर्धं तरी माझं एकटेपण होतं. ती त्यावर हसू शकते, भांडू शकते, माफही करू शकते.

बेडूक 'रवांदे' म्हणू शकत नाही. माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. तो पंचा टाकू शकत नाही, डाव्या बाजूला जाऊन बसू शकतो, एवढंच. त्याच्या वतीने 'त्यालाही आवडेल' हे मीच म्हणायचं आणि मीच ऐकायचं. जिथे समोरच्याला परवानगी देता येत नाही, तिथे आपण ती गृहीत धरतो. तिथे ती सगळ्यात कमी गृहीत धरायला हवी.

*

मग काय, पेटीच मोडायची? प्रामाणिकपणे पाहिलं तर अख्खी पेटीच माझ्या आणि मुलीच्या हौसेसाठी आहे. सिपालिविनीच्या बेडकाला ब्राबांतच्या बैठकीत राहायची गरज नव्हती. 'स्वतःची इच्छा शून्य करा' असा नियम लावला तर बेडूक पाळता येणार नाहीत, कुत्रा पाळता येणार नाही, आणि मुलं होऊ देणंही अवघड होऊन बसेल. अनेक जण पहिल्या दोन गोष्टींबाबत तेच म्हणतात, आणि मी त्यांना ठोस उत्तर देऊ शकत नाही. एवढंच म्हणतो की हे दोन बेडूक पेटीत जन्मले आहेत आणि आता त्यांना जंगलात पाठवणं हा त्यांचा आणि जंगलाचाही घात ठरेल.

ते 'जंगलाचाही' कसं, हे मला धबधबा मोडताना कळलं. डबक्यातलं बादलीभर पाणी घेऊन मी घरामागच्या चरात ओतायला निघालो होतो. मुलीने दारातच अडवलं. उभयचरांना मारणारी कायट्रिड नावाची एक बुरशी आहे. तिचं शास्त्रीय वर्णन 1999 साली झालं, आणि त्यासाठी ती ज्या प्राण्यापासून वेगळी केली गेली तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातला एक निळा बेडूक होता, आमच्याच जातीचा. तिच्या शास्त्रीय नावातलं 'डेंड्रोबेटिडिस' त्यावरूनच आलं. जगभरात तिने बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या आहेत. तिची एक बहीण 2013 साली इथेच, नेदरलँड्सच्या लिंबुर्ग प्रांतात सापडली. तिथल्या जंगलातले काळे-पिवळे सॅलॅमँडर तिने जवळजवळ नाहीसे केले होते. ती मूळची आशियातली, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात आली असं संशोधक मानतात. कोणाच्या तरी हौसेच्या पेटीतलं पाणी, कोणाच्या तरी बादलीतून, कुठल्यातरी चरात गेलं असेल. आमच्या बेडकांना तो रोग नव्हता, पण तेही मी तपासून घेतलेलं नव्हतं. त्या पाण्यात ब्लीच घालून ते संडासात ओतलं.

या सगळ्यातून मी स्वतःपुरती एक रीत ठरवली आहे. हौस करावी, पण तिचं बिल स्वतः भरावं. पेटीच्या वरच्या कोपऱ्यात मी एक छोटं ऑर्किड बांधलं आहे. ते पूर्णपणे माझ्यासाठी आहे. बेडकांना त्याचा फायदा नाही, त्यांची तसूभर जमीनही त्याने घेतलेली नाही. रोज त्याच्यावर फवारा मारायचं काम माझं. धबधब्याचं बिल मात्र बेडकांच्या जमिनीतून, त्यांच्या खाण्यातून आणि शेवटी एका जिवातून भरलं गेलं, आणि पावतीवर मी 'त्यांच्यासाठी' असं लिहिलं होतं.

दुसरी गोष्ट, खरी काळजी बहुतेक वेळा दिसायला निरस असते. पानं बदलणं, माश्यांना पुडी लावणं, वहीत लिहिणं. तिचा व्हिडिओ काढावासा वाटत नाही. एखादी गोष्ट करताना आपल्याला ती फारच दाखवावीशी वाटू लागली, तर थांबून मुलीचा प्रश्न स्वतःला विचारावा. तो प्रश्न आला म्हणजे बेत रद्दच करावा असं नाही. पण उत्तर 'मला' असं असेल तर ते मोठ्याने म्हणावं. मोठ्याने म्हटल्यावर बऱ्याच हौशी आपोआप लहान होतात.

*

गेल्या जुलैत आम्ही आंबोलीला गेलो. मुलीला धबधबा दाखवायचा होता. गर्दी, मक्याची कणसं, भिजलेले लोक, आवाज, सगळं माझ्या आठवणीतलं, थोडं जास्तच. तिने पाच मिनिटं बघितला आणि म्हणाली, "छान आहे. पण तो बेडूक कुठे असतो?" आंबोलीचा म्हणून ओळखला जाणारा एक छोटा भेक आहे, झँथोफ्रिन टायग्रिना, 2009 साली त्याचं वर्णन झालं, आणि तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. आम्ही सड्यावर गेलो. जांभ्या दगडाच्या खळग्यांत पावसाचं पाणी साचलेलं होतं, बोट बुडेल न बुडेल एवढं. हा भेक अंडी अशा खळग्यांत घालतो. पाऊस दोन-चार दिवस थांबला तर खळगा सुकतो, म्हणून पिल्लं घाईने मोठी होतात. भेक आम्हाला दिसला नाही. डबकी दिसली. पलीकडे दरीत माझा धबधबा गर्जत होता, आणि ज्याचं नावच आंबोलीशी जोडलेलं आहे त्याने संसारासाठी निवडलेलं पाणी माझ्या चपलेखाली होतं. मी पाय काढून घेतला.

पेटीत आता उजव्या बाजूलाही पाचोळा आहे. एक सेंटिमीटर खोल बशी आहे, आणि दगडाला टेकून आडवा ठेवलेला माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मचा काळा डबा, तळाशी दोन चमचे पाणी असलेला. उरलेले दोघे नर-मादी निघाले. सप्टेंबरात करवंटीखाली पाच अंडी दिसली. पुढे एका सकाळी नराच्या पाठीवर काळा ठिपका होता, शेपटीवाला. त्याला घेऊन तो दिवसभर पेटीभर हिंडला. बशीकडे गेला, परत आला. डब्यात डोकावला, परत आला. संध्याकाळपर्यंत ठिपका पाठीवरून गेला होता. विजेरी लावून पाहिलं तर तो डब्यातही नव्हता. ब्रोमेलियाडच्या पानाच्या बेचक्यात, जिथे मीच मारलेल्या फवाऱ्याचं चमचाभर पाणी साचलं होतं, तिथे होता.

त्या रविवारी आईला व्हिडिओवर पेटी दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आणि पाणी खय रे ह्यात?"

मी फोन पानाजवळ नेला.